पूजेविना पूजेची सुटी: शांतिनिकेतनातील 'शारदोत्सव'

१/१२
१९०८ चा शरद ऋतू. बंगालमध्ये बीरभूम जिल्ह्यात, बोलपूर स्थानकाजवळच्या एका लहानशा निवासी शाळेला पूजेची सुटी लागणार होती. मुले घरोघरी पांगण्यापूर्वी तेथे एक नाटक झाले: 'शारदोत्सव'. नाटककार होते शाळेचे संस्थापक, रवींद्रनाथ ठाकूर. सत्राअखेरच्या या नाटकामागे बराच मोठा इतिहास आहे.

२/१२
पहिला प्रश्न असा: सुटी दुर्गापूजेची, मग शाळेत दुर्गापूजाच का नाही? शांतिनिकेतनची भूमी रवींद्रनाथांचे वडील, ब्राह्मसमाजाचे नेते देवेंद्रनाथ यांनी १८८८ मध्ये न्यासाच्या स्वाधीन केली. तेथे मूर्तिपूजा होऊ नये, ही त्या न्यासपत्रातील एक अट होती.

३/१२
याच भूमीवर डिसेंबर १९०१ मध्ये अवघ्या काही विद्यार्थ्यांनिशी ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. वर्ग झाडांखाली भरत. लहानपणी शाळेच्या चार भिंतींचा जाच सोसलेल्या रवींद्रनाथांना मुलांची निसर्गाशी गाठ घालून द्यायची होती. देवतेचा उत्सव नाही, तर मग उत्सव कशाचा? हळूहळू उत्तर मिळाले: ऋतूंचा.

४/१२
या उत्तराची सुरुवात एका मुलाने केली. १९०७ च्या आरंभी रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ याने सवंगड्यांना जमवून, ऋतूंची सोंगे घेऊन वसंताचे स्वागत केले. शांतिनिकेतनातील पुढच्या वसंतोत्सवाचे बीज याच खेळात असल्याचे मानले जाते.

५/१२
त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शमींद्र मुंगेर येथे पटकीने दगावला. वय सुमारे अकरा वर्षे. त्याची आई मृणालिनीदेवी पाच वर्षांपूर्वी, नोव्हेंबरमध्येच गेली होती. या मृत्यूनंतर वर्षाच्या आतच 'शारदोत्सव' लिहिले गेले. दोहोंत कार्यकारणभाव जोडणे धाडसाचे ठरेल. पण हा कालक्रम नजरेआड करता येत नाही.

६/१२
शाळेबाहेरचा काळही विलक्षण होता. एप्रिल १९०८ मध्ये मुझफ्फरपूरला बाँब फुटला, ऑगस्टमध्ये खुदिराम बोस फाशी गेले. त्याच बाँबप्रकरणावरील 'केसरी'तील लेखांबद्दल जुलैमध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती.

७/१२
रवींद्रनाथ उत्सवाचे राजकीय सामर्थ्य जाणून होते. १९०४ मध्ये त्यांनी 'शिवाजी-उत्सव' ही कविता लिहिली. १९०५ मध्ये वंगभंगाच्या दिवशी राखीबंधनाची हाक दिली. पुढे बहिष्काराची सक्ती आणि हिंदू-मुस्लिम तेढ पाहून ते चळवळीपासून दूर झाले. 'शारदोत्सव' हे त्या माघारीनंतरच्या काळातील नाटक आहे.

८/१२
कथानक साधे आहे. सुटी लागली म्हणून मुले नदीकाठी खेळायला निघतात. एकटा उपनंद मात्र पोथीची नक्कल करत बसलेला असतो. त्याला आश्रय देणारा वीणावादक सुरसेन ऋण मागे ठेवून वारला आहे आणि सावकार लक्षेश्वराचे ते ऋण उपनंदाला स्वतःच्या कष्टांनी फेडायचे आहे.

९/१२
तेथे एक संन्यासी येतो. तो खरे तर वेषांतर केलेला सम्राट विजयादित्य. मनात आणले तर एका आज्ञेत तो हे कर्ज फेडू शकला असता. पण तो उपनंदाशेजारी बसून स्वतःही पोथी लिहू लागतो. सुटीच्या दिवशी काम करणारा मुलगाच त्याला उत्सवाच्या गाभ्याशी पोहोचलेला दिसतो.

१०/१२
सृष्टीला जे मिळाले, ते ती सौंदर्याच्या रूपाने परत करते, म्हणून शरद सुंदर. माणसानेही आपले ऋण असेच आनंदाने फेडावे, हा नाटकाचा आशय. १९२१ मध्ये रवींद्रनाथांनी त्याचे नवे रूप सिद्ध केले: 'ऋणशोध'. मराठी वाचकाने येथे थबकावे. बंगालीत 'शोध' म्हणजे फेड.

११/१२
नाटकात एकही स्त्रीपात्र नाही, कारण ते मुलांच्या शाळेसाठी लिहिलेले होते. मुलांचा मोठा घोळका, भरपूर गाणी आणि उघड्या माळावरचा प्रसंग: शाळेच्या सोयीनुसारच नाटक घडले. त्यात गुरू आणि शिष्य एकत्र उभे राहू शकत होते.

१२/१२
पूजेच्या सुटीआधी शारदोत्सव साजरा करण्याची प्रथा शांतिनिकेतनात रुजली. महालयेला, म्हणजे आपल्या सर्वपित्री अमावास्येला, तेथे 'आनंदबाजार' भरतो. विद्यार्थी स्वतः केलेल्या वस्तू आणि खाद्यपदार्थ विकतात; मिळकत गरजूंच्या सेवेसाठी जाते. त्यानंतर सुटी लागते. घरी निघालेल्या मुलांच्या हातून, उपनंदासारखेच, थोडे ऋण फिटलेले असते.