ऋषीच्या भाजीतला इतिहास

 

मी इतिहास घेऊन बी.ए. केलं. गटातल्या बायका मला चिडवतात, "ताई, त्या इतिहासाचा बचत गटात काय उपयोग?" आज आपल्या परसातला इतिहास सांगते, मग तुम्हीच ठरवा.

गणपती आले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. व्रताच्या कथेतला विटाळाचा भाग मला पटत नाही, तो मी बाजूला ठेवते. पण जेवणाचा नियम बघा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. म्हणजे नांगराचं नको, हाताने लावलेलं चालेल. असं पिकतं कुठे? घरामागे, परसात. आणि तिथे आळी करणारी, मांडवावर वेल चढवणारी, भांडी घासलेलं पाणी घालणारी कोण? आपणच. म्हणजे वर्षातला हा एक दिवस बाईच्या हातच्या पिकाचा.

आता त्या भाजीच्या पातेल्यात डोकावू. अळू, सुरण, पडवळ, शिराळी, काकडी ही जुनी, आपल्याच भागातली. पण लाल भोपळा, मक्याचं कणीस आणि हिरवी मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला. त्याआधी आपल्याकडे मिरची नव्हती. तिखटाला मिरी होती, पिंपळी होती, आलं होतं.

मिरची आपल्या किनाऱ्यावर आली ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून. ते काही लांबचे नव्हते. आपल्या रोह्याची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे चौल-रेवदंड्याला त्यांनी १५२१ च्या सुमारास ठाणं बांधलं आणि १७४० पर्यंत ते त्यांच्याकडे राहिलं. खाडीपलीकडच्या कोर्लईत आजही पोर्तुगीजातून आलेली बोली बोलतात. आपणही बटाटा, काजू, अननस म्हणतो तेव्हा त्यांचेच शब्द वापरतो. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूसुद्धा मेक्सिकोकडचा. तिकडचे लोक नोव्हेंबरमध्ये आपल्या पितरांसाठी झेंडूची फुलं मांडतात.

जहाजाने बी बंदरापर्यंत आणलं. पुढे काय? कुठल्या तरी बाईने ते अनोळखी बी मातीत टोचलं, उगवलं ते चाखलं, चांगल्या फळाचं बी राखलं, लेकीला सासरी जाताना दिलं. भोपळा इतका आपला झाला की ऋषीच्या भाजीत जाऊन बसला. तिचं नाव मात्र कुठे लिहिलेलं नाही. चिंतामणराव देशमुखांचं बालपण रोह्यात गेलं. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. केंब्रिजला शिकताना त्यांना वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक मिळालं होतं. ते नोंदलेलं आहे, म्हणून आपल्याला कळतं. आपल्या आज्यांची नोंद त्यांच्या बियाण्यातच होती. बी गेलं की नोंदही गेली.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. माझ्या आजेसासूबाई पडवळाचं बी राखेत घोळून, फडक्यात बांधून चुलीवरच्या माळ्याला टांगायच्या. धुराने कीड लागत नाही. त्या गेल्या, चूल गेली, गॅस आला. मी दुकानातून संकरित बियाण्याचं पाकीट आणलं. पहिल्या वर्षी पडवळं छान लागली. त्यांचंच बी पुढच्या मृगात लावलं, तर कुठे फळ आखूड, कुठे नुसताच वेल. संकरित बियाणं असंच असतं, पुढच्या पिढीत ते एकसारखं येत नाही. तेव्हा माळ्यावरचं फडकं शोधलं. ते साफसफाईत मीच टाकलं होतं. घराघरांत विचारलं. ते लांब, पांढऱ्या रेघांचं पडवळ आता कोणाकडेच नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाण्यांची बँक त्यांनी उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या वाटेने आपण छोटं पाऊल टाकू शकतो.

आमच्या गटाने बचतीच्या वहीची मागची पानं परसबागेसाठी ठेवली आहेत. मृगात काय पेरलं, कोणाचं बी, किती उगवलं. आषाढाच्या झडीत काय कुजलं. पहिलं फूल कधी, पहिलं फळ कधी. गौरी-गणपतीला घरचं किती निघालं, बाजारातून किती आणलं. दसऱ्याला झेंडू किती विकला. भात कापल्यावर वाल कधी टोचले. आणि शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: बी कोणतं राखलं आणि कोणाला दिलं. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचं मुलगी किंवा सून लिहिते.

बियासाठी वेलावरचं पहिल्या बहराचं उत्तम फळ निवडा आणि त्याला लाल चिंधी बांधा, म्हणजे चुकून कोणी खुडणार नाही. पूर्ण पिकू द्या, सावलीत वाळवा, राखेत घोळून बरणीत ठेवा. थोडं शेजारणीला द्या. एकीकडचं गेलं तर दुसरीकडे सापडतं.

यंदाच्या ऋषिपंचमीला भाजी चिरताना एकेका भाजीचं बी कोणाकडून आलं ते घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. तिचं नाव वहीत लिहा.