समानार्थी क्रियापदे, इंग्रजीतील

जवळजवळ एकच अर्थ सांगणाऱ्या इंग्रजी क्रियापदांपैकी वाक्याला साजेसे कोणते, हा भाषावापरातील प्रश्न. ‘से’ व ‘टेल’, ‘डू’ व ‘मेक’, ‘रॉब’ व ‘स्टील’ या नेहमी अडवणाऱ्या जोड्या. शिकणारा त्यांच्यातला फरक अर्थात शोधतो. पण हा फरक बहुतेक वेळा क्रियापदाचे कर्म कोणते आणि वाक्याची बांधणी कशी, यात असतो.

अशा जोड्या इंग्रजीत फार आहेत, याचे एक मोठे कारण ऐतिहासिक आहे. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायालयांत फ्रेंच आली. पुढे फ्रेंच आणि लॅटिन शब्द मूळच्या शब्दांशेजारी राहू लागले. ‘आस्क’ हे देशी, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून आलेले, ‘इंटरॉगेट’ लॅटिनमधून. वाट विचारायची तर ‘आस्क’; पोलिसांनी संशयिताची कसून चौकशी केली तर ‘इंटरॉगेट’. ‘बिगिन’ आणि ‘स्टार्ट’ देशी, ‘कमेन्स’ फ्रेंच व म्हणून अधिक औपचारिक. ‘स्टार्ट’चा जुना अर्थ उडी मारणे, दचकणे असा होता. आज गाडी ‘स्टार्ट’ करता येते, ‘बिगिन’ करता येत नाही.

मराठी भाषकांच्या चुका बहुतांशी मराठीच्या बांधणीतून येतात. त्यांना निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. ‘तो मला म्हणाला’ हे निर्दोष मराठी वाक्य जसेच्या तसे नेले की ‘ही सेड मी’ होते. ‘से’ला शब्द किंवा मजकूर हे कर्म चालते, ऐकणारा आणायचा तर मध्ये ‘टू’ हवा. ‘टेल’चे उलट: ‘ही टोल्ड मी’ थेट चालते, आणि ऐकणारा सहसा लागतोच. खरे वा खोटे सांगणे मात्र ऐकणाऱ्यावाचूनही ‘टेल’नेच होते.

‘लुटणे’ याहून फसवे. मराठीत प्रवाशाला लुटतात, बँक लुटतात आणि दागिनेही लुटतात. इंग्रजीत ‘रॉब’ माणसाला किंवा बँकेला करतात. दागिने ‘स्टील’ होतात. ‘बंद करणे’ दाराला चालते तसे दिव्यालाही, पण ‘क्लोज’ दारापाशीच थांबते. दिव्यासाठी ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’ लागते. ‘करणे’ तर सर्वव्यापी. पोळ्या करणे ‘मेक’, धुणीभांडी करणे ‘डू’. चूक ‘मेक’, गृहपाठ ‘डू’. नवे काही घडले तर ‘मेक’, काम उरकले तर ‘डू’, हा नियम बराच उपयोगी पडतो, पण सगळीकडे नाही. फोन करणे ‘मेक’ आणि उपकार करणे ‘डू’ का, हे त्यातून नीट उलगडत नाही. तेथे पाठ करणे हाच प्रामाणिक सल्ला.

काही ठिकाणी मराठी हात देते. ‘हिअर’ आणि ‘लिसन’ म्हणजे ऐकू येणे आणि ऐकणे. ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’ म्हणजे पुष्कळदा आणणे आणि नेणे. कर्मानुसार क्रियापद बदलणे तर आपल्या अंगवळणीच पडलेले आहे: साडी नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात. इंग्रजीचे एकटे ‘वेअर’ या तिन्ही पोशाखांना पुरते. ‘साडी घातली’ हे कानाला खटकते त्याच जातीची खटक ‘मेक होमवर्क’ ऐकताना इंग्रजी कानाला होते, हे वर्गात सांगितले तर मुलांना नियमांच्या यादीपेक्षा लवकर उमगेल.

कोशांनी हा प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी हाताळला. जॉर्ज क्रॅब यांच्या १८१६ च्या ग्रंथात समानार्थी शब्दांतील अर्थभेद उलगडलेले आहेत. १८५२ च्या रॉजे यांच्या ‘थिसॉरस’मध्ये शब्दांचे गट मिळतात, भेद मिळत नाहीत, त्यामुळे नवशिक्याने केवळ त्याच्या आधारे क्रियापद निवडणे धोक्याचे. खरा बदल परभाषकांसाठीच्या कोशांनी केला. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना सहकाऱ्यांसह रचलेला कोश १९४२ मध्ये तोक्योत निघाला. त्यात प्रत्येक क्रियापद कोणत्या वाक्यरचनांत बसते, हे दिले होते. जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली बर्मिंगहॅम विद्यापीठात तयार झालेला ‘कोबिल्ड’ कोश (१९८७) प्रत्यक्ष वापरातील मजकुराच्या संगणकीय संग्रहावर उभा होता. त्यात अर्थ पूर्ण वाक्यांत दिले गेले, त्यामुळे क्रिया कोणावर घडते, माणसावर की वस्तूवर, हे व्याख्येतच दिसू लागले.