सभा भरवायलाही परवानगी लागे

मंडळी, आज आपण इतिहासाच्या सभेला सहज येऊन बसलो. निजामाच्या राज्यात गश्ती निशाण 53 मुळे सभेसाठी आधी सरकारी परवानगी लागे. तरी महाराष्ट्र परिषदेची अधिवेशनं 1938 ला लातूरला आणि 1941 ला नांदेडजवळ उमरीला भरली. दर 17 सप्टेंबरला आपण हे अभिमानानं सांगतो, सांगायलाच हवं. रझाकारांचे अत्याचारही सांगतो. पण 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर इथल्या मुसलमान कुटुंबांवर जे गुदरलं, तिथं आपण गप्प होतो. सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. त्या घरांतले म्हातारे आता थोडेच उरलेत. पुढच्या बैठकीला त्यांनाही बोलावू, आणि मधे न बोलता ऐकू.