शब्द कुणाचा, मत कुणाचे

२०१४ साली रायगड लोकसभा मतदारसंघाचा निकाल लागला, तेव्हा शिवसेनेचे अनंत गीते २,११० मतांनी निवडून आले. त्यांच्यासमोर राष्ट्रवादी काँग्रेसचे सुनील तटकरे होते, म्हणजे आमच्या रोह्याचेच. पण यंत्रावर सुनील तटकरे या नावाचे आणखी एक उमेदवार होते, अपक्ष. त्यांना ९,८४९ मते मिळाली. यातली किती मते नावाच्या गोंधळात पडली, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. त्या अपक्ष उमेदवाराला उभे राहण्याचा पुरता कायदेशीर हक्क होता, हेही खरे. तरी दोन आकडे शेजारी ठेवले की माणूस विचारात पडतो.

अशा वेळी शिकल्यासवरल्या मंडळींकडून एक वाक्य हमखास ऐकू येते : 'आपला मतदारच अडाणी, त्याला काय कळतंय?' हे वाक्य मला कधी पटले नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या रायगडचा, गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास पाहिला तर वेगळेच दिसते. इथल्या माणसाला अक्षर येत नव्हते तेव्हाही राजकारण कळत होते. मात्र त्यासाठी एक गोष्ट त्याला ठाऊक असावी लागे. समोर बोलतो आहे तो कोण, आणि कुणाच्या बाजूने बोलतो आहे.

सुरुवात चरीपासून करू. अलिबाग तालुक्यातल्या या गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांची सभा झाली आणि पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असे ठरवले. पिकवायचे कुळांनी आणि भाताच्या राशी जायच्या खोताच्या घरी, या रीतीविरुद्ध हा संप होता. तो १९३९ पर्यंत, सहा वर्षे चालला. शेते ओस पडली. लोकांनी लाकूडफाटा विकून, खाडीतली मासळी धरून दिवस काढले. या संपाचे पुढारी नारायण नागू पाटील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली चरीला येऊन गेले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. अखेर महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी कुळांना संरक्षण जाहीर केले. पुढे झालेल्या कूळकायद्यामागे या सहा वर्षांची पुण्याई आहे.

याच धामधुमीत, १९३७ साली, नारायण नागूंनी 'कृषीवल' साप्ताहिक सुरू केले. त्या वेळी खेड्यात वर्तमानपत्र वाचणे म्हणजे बहुतेकांसाठी ऐकणेच होते. गावात वाचणारा एक आणि ऐकणारे पंधरा-वीस. मधेच कुणी थांबवून विचारायचा, 'म्हणजे काय रे?' वाचणाऱ्याला उलगडून सांगावे लागायचे. सांगणे पटले नाही तर वाद व्हायचा. आणि 'कृषीवल' हे नावच सांगत होते की हा कागद शेतकऱ्याचा आहे. तो निःपक्षपाती असल्याचा आव कुणी आणत नव्हते. ऐकणाऱ्याला बाजू माहीत असल्यामुळे किती धरायचे आणि किती सोडायचे, हे तो आपले आपण ठरवत होता.

१९५१-५२ मध्ये देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार सतरा कोटींच्या वर आणि शंभरातले जेमतेम अठरा साक्षर. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी उमेदवारागणिक स्वतंत्र मतपेटी ठेवली आणि पेटीवर चिन्ह लावले. बैलजोडीच्या पेटीत कागद टाकला की मत काँग्रेसला. अनेक परदेशी जाणकारांना हा पोरखेळ वाटला होता. पण चिन्हाने एक मोठे काम केले. नाव वाचता न येणाऱ्यालाही आपण कुणाला मत देतो आहोत हे नेमके कळू लागले. रायगडमध्ये शेतकरी कामगार पक्षाचा खटारा ओळखायला पुढे कुणाला शाळेत जावे लागले नाही.

त्या पहिल्या निवडणुकीत कुलाब्यातून काँग्रेसतर्फे निवडून गेले ते चिंतामणराव देशमुख, घराणे रोह्याचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळात चर्चा न होता जाहीर झाला आणि मुंबईतल्या गोळीबारांची चौकशी झाली नाही, म्हणून जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. का दिला, ते लोकसभेत उभे राहून सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आचार्य अत्र्यांचे 'मराठा' दैनिक निघाले. 'मराठा' एकतर्फी होता, शिवराळही होता. पण तो कुणाचा आवाज आहे याबद्दल महाराष्ट्रात कुणाच्याही मनात शंका नव्हती. १९५७ मध्ये कुलाब्याची लोकसभेची जागा शेतकरी कामगार पक्षाकडे गेली. पाच वर्षांपूर्वी बैलजोडीच्या पेटीत कागद टाकणाऱ्या मतदारांनीच हा कौल फिरवला होता.

आणीबाणीत उलटा प्रयोग झाला. जून १९७५ पासून वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला आणि रेडिओ तर सरकारचाच होता. बातम्यांत सगळे आलबेल असायचे. पण बोलणारा कोण हे ऐकणाऱ्याला पक्के ठाऊक होते, म्हणून तो त्या बातम्यांतून तेवढी सूट वजा करून घेत असे. रात्री बीबीसी लावून पडताळाही बघितला जाई. १९७७ च्या निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना प्रथमच आकाशवाणीवर बोलायला वेळ मिळाला. विरोधकांचा आवाज त्याच रेडिओतून घराघरांत आला. कुलाब्याने त्या वेळी दि. बा. पाटलांना दिल्लीला पाठवले. एकोणीस महिन्यांचा एकतर्फी प्रचार मतदाराची समज पुसू शकला नव्हता.

आता थोडे अवघड उदाहरण घेतो, कारण सोपी उदाहरणे निवडून इतिहास सांगता येत नाही. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला आणि मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले अडचणीत आले. जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर त्यांनी राजीनामा दिला. वृत्तपत्राच्या ताकदीचे हे उदाहरण आजही दिले जाते. पण म्हसळा तालुक्यातल्या आंबेतच्या या माणसाला कुलाब्याच्या मतदारांनी १९८९, १९९१, १९९६ आणि पुन्हा २००४ साली लोकसभेवर पाठवले. बाहेरच्या पत्रपंडितांनी याचा अर्थ झटकन लावला : मुसलमानांची गठ्ठा मते. मी स्वतः कोकणी मुसलमान आहे, म्हणून हा हिशेब मला बोटांवर करता येतो. या जिल्ह्यात दहा माणसांत आम्ही एकसुद्धा पुरे भरत नाही. शिवाय आमच्या एका घरातली चार मते चार दिशांना जातात, गठ्ठा बांधायचा कशाचा? मते दिली ती आगऱ्यांनी, कुणब्यांनी, कोळ्यांनी, सगळ्यांनी. आरोप त्यांनीही वाचले होते. त्यांनी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात निराधार म्हातारीला दरमहा मिळू लागलेले पैसे ठेवले, जिल्ह्याला मिळालेले 'रायगड' हे नाव ठेवले आणि मग मत दिले. त्यांचा निवाडा बरोबर होता की नाही, यावर भांडता येईल. मलाही त्यातले सगळे रुचत नाही. पण न कळून दिलेली मते ती नव्हती.

या सगळ्यावर कळस म्हणजे २१ सप्टेंबर २००८. त्या दिवशी पेण तालुक्यातल्या बावीस गावांत मतदान झाले आणि त्यात उमेदवारच नव्हता. रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. ही गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. धरणाचे पाणी शेतात येणार म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहिलेली आणि पाणी येण्याआधी दारात आली ती भूसंपादनाची नोटीस. एन. डी. पाटील, उल्का महाजन आणि गावोगावचे कार्यकर्ते यांनी लढा उभा केला. या लढ्यात भाताचे आणि मिठागराचे हिशेब ठेवणारी माणसे १८९४ चा भूसंपादन कायदा बोलू लागली. कलम चार म्हणजे काय, कलम सहा म्हणजे काय, हरकत कुठे आणि किती दिवसांत नोंदवायची. सेझमुळे रोजगार येईल असे सांगितले जात होते, तेव्हा लोक विचारत, 'किती? कुणाला? लेखी द्याल का?' मतदारांना माहिती पुरवणारी याहून चांगली शाळा मी पाहिली नाही. पुस्तक नव्हते, पण प्रश्न विचारायला बंदी नव्हती.

या मतदानातही उणीव होती, ती सांगायला हवी. मत होते ते जमिनीच्या खातेदारांना. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायका, शेतमजूर, कातकरी यांचेही पोट त्याच जमिनीवर होते, त्यांना कुणी विचारले नाही. तरीही देशात असे मतदान विरळाच. बहुसंख्य खातेदारांनी नकार दिला, हे गावागावांत कळून चुकले. निकाल मात्र जाहीर झाला नाही. अहवाल शासनाकडे गेला आणि तिथेच राहिला. पुढे संपादनाची मुदत संपली, सेझ झाला नाही, जमिनी राहिल्या. पण ज्याने मत दिले त्याला सरकारने 'तू काय म्हणालास ते आम्ही ऐकले' एवढेही सांगितले नाही.

दुसऱ्याच वर्षी, २००९ च्या विधानसभा निवडणुकीत, महाराष्ट्राने 'पेड न्यूज' हा शब्द शिकला. एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणवणाऱ्या मराठी दैनिकांत एकच मजकूर शब्दाला शब्द छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. जाहिरातीने बातमीचे कपडे घातले होते. प्रेस कौन्सिलच्या दोघा सदस्यांच्या उपसमितीने सविस्तर अहवाल लिहिला. कौन्सिलने २०१० मध्ये त्याचा सारांश तेवढा बाहेर काढला. संपूर्ण अहवाल उघड व्हायला २०११ साल आणि केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. पेणच्या मतदानाचा निकाल आणि हा अहवाल, दोन्हींच्या नशिबी फायलीच आल्या.

'कृषीवल' आणि 'मराठा'ही एका बाजूचे होते. मग या विकत घेतलेल्या बातमीत वेगळे काय? वेगळे एवढेच की तिथे बाजू दर्शनी पाटीवर लिहिलेली होती, इथे ती पुसून टाकली होती. मी कवितेच्या धंद्यातला माणूस. एकच ओळ प्रियकराच्या तोंडी एक अर्थ सांगते आणि सावकाराच्या तोंडी दुसरा, हे मला रोज अनुभवाला येते. बोलणारा लपवला की ऐकणारा कितीही शहाणा असला तरी त्याच्या हातातला तराजूच काढून घेतला जातो. मोबाइलवर फिरणाऱ्या निनावी मजकुराने हेच आणखी पुढे नेले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले, ते अशाच अफवेपायी. त्यानंतर एक संदेश एका वेळी पाच जणांपलीकडे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा आली. पण 'हे मुळात कुणी लिहिले?' या प्रश्नाला उत्तर आले नाही. पारावर 'कृषीवल' ऐकणारा वाचणाऱ्याला थांबवू शकत होता. मोबाइलच्या पडद्याला कोण थांबवणार?

म्हणून २०१४ च्या त्या ९,८४९ मतांकडे मी मतदाराच्या अडाणीपणाचा पुरावा म्हणून बघत नाही. शंभर टक्के साक्षर माणसालाही एकाच नावाच्या दोन ओळी फसवू शकतात. त्यावर उपाय निघालाही. २०१५ पासून निवडणूक आयोगाने यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र छापायचे ठरवले. पुढच्या निवडणुकांतही रायगडमध्ये एका नावाचे अनेक उमेदवार उभे राहिले, पण आता निदान चेहरा बघून बोट ठेवता येते. १९५२ ची चिन्हाची पेटी आणि आजचे छायाचित्र यांचे काम एकच, मत कुणाला जाते ते मतदाराला दिसले पाहिजे.

मत द्यायच्या खोलीत जे आपण साधले, ते मत बनते त्या ठिकाणी साधायचे राहून गेले आहे. मत बनते ते चावडीवर, एसटीच्या बाकावर, पेपराच्या पानावर, हातातल्या मोबाइलवर. तिथेही शब्दाखाली बोलणाऱ्याचा चेहरा हवा. हे कायद्याने होईल तितके व्हावे. जाहिरातीवर 'जाहिरात' असे ठळक छापावे, पैसे कुणी दिले ते सांगावे. आणि सरकारने लोकांना प्रश्न विचारला असेल, तर लोकांनी दिलेले उत्तर मोठ्याने वाचून दाखवावे.

उरलेले काम आपले. आपल्याकडे जुनी म्हण आहे, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. ती म्हण झाली तेव्हा ऐकवणारे जन डोळ्यांसमोर असत. आता नसतात, म्हणून करण्याआधी एक प्रश्न वाढवायला हवा. आमच्या कोकणात कुणी नवी खबर आणली की घरातली म्हातारी माणसे तो लगेच विचारत : 'तुला कुणी सांगितलं?' निवडणुकीच्या दिवसांत हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारायला हरकत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)