झपाटलेल्या वाड्याची कादंबरी

पूर्वी घडलेला अन्याय वास्तूत मुरून राहतो आणि पुढच्या पिढ्यांकडून त्याची वसुली होते, या कल्पनेवर उभा असलेला भयकादंबरीचा प्रकार. ‘गॉथिक’ कादंबरीची ही सर्वांत टिकाऊ शाखा होय. तिच्यात घर केवळ स्थळ नसते. एकेक बंद खोली उघडत जाते तसे कथानक पुढे सरकते, आणि भूत म्हणजे बहुधा त्या घराची न विझलेली आठवण असते.

या प्रकाराची सुरुवात होरेस वॉल्पोल याच्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ (१७६४) या कादंबरीपासून मानतात. नेपल्स येथे १५२९ मध्ये छापलेल्या एका जुन्या पुस्तकाचे हे भाषांतर आहे, अशी बतावणी लेखकाने पहिल्या आवृत्तीत केली होती. सापडलेला जुना कागद तेव्हापासून या प्रकाराची खूण बनला. पुढे शर्ली जॅक्सन हिच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) मध्ये भय घरात आहे की तिथे राहायला आलेल्या बाईच्या मनात, हे अखेरपर्यंत उलगडत नाही. त्यातच कादंबरीचे सामर्थ्य आहे.

भारतीय साहित्यात रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘क्षुधित पाषाण’ (१८९५) ही कथा या घराण्यातली. तिचा निवेदक निजामाच्या नोकरीत कापसाचा महसूल गोळा करणारा कारकुनी माणूस आहे. दिवसा हिशेब लिहायचा आणि रात्री ओसाड महालात अडीचशे वर्षांपूर्वीच्या जनानखान्याच्या नादी लागायचे, असे त्याचे दुहेरी आयुष्य होते. दफ्तर आणि भूत यांची इतकी नेमकी जोड क्वचितच आढळते.

मराठीत ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांनी अद्भुताची गोडी लावली. मात्र भयकादंबरी खऱ्या अर्थाने रुजवली ती नारायण धारप (१९२५–२००८) यांनी. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर (१९७५) बेतलेली आहे. मूळ कादंबरीत एका पातक्याचे पडके घर साऱ्या गावावर सावली धरून असते. धारपांची पुस्तके पुढे औरंगाबादच्या साकेत प्रकाशनाने पुन्हा वाचकांपर्यंत आणली. त्यांच्या एका कथेवरून सुचलेल्या ‘तुंबाड’ (२०१८) या राही अनिल बर्वे दिग्दर्शित हिंदी चित्रपटात वाड्यातले धन, शापित आजी आणि तीन पिढ्यांची हाव १९१८, १९३३ आणि १९४७ अशा टप्प्यांत येते. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेले आहे.

मराठी वाडा म्हटला की कोकण किंवा पुणे डोळ्यांपुढे येते. मराठवाड्याची सामग्री यापेक्षा वेगळी आणि तितकीच समृद्ध आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, मांजरेच्या परिसरात आणि तेलंगणाच्या सीमेलगत असलेल्या बिलोलीसारख्या भागात मराठी, तेलुगू आणि उर्दू शेजारी नांदतात. दाराशी ढाळज, भिंतीच्या पोटात धान्याचे बळद, जमिनीत पेव आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद अशी इथल्या जुन्या घरांची रचना. बळदात आणि पेवात धन पुरले आहे व त्यावर नाग बसला आहे, ही समजूत घरोघरी ऐकू येते. मुंजा आणि समंध तर ठरलेलेच.

सर्वांत मोलाची गोष्ट कागदांची. निजामी राजवटीच्या उत्तरकाळात सरकारी दफ्तर उर्दूत होते, तर घरगुती हिशेब मोडी लिपीत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, १९४९ मध्ये जहागिरी संपल्या आणि दोनच पिढ्यांत पेटीतली कागदपत्रे वारसांना परकी झाली. कोणाची जमीन कशी आली, हे ज्यात लिहिले आहे तेच वाचता येत नाही, अशी ही अवस्था आहे. वॉल्पोलला जुन्या पुस्तकाची बतावणी करावी लागली. इथे तो कागद माळ्यावर खराच पडलेला असतो. कागदाप्रमाणे इथले भयही खरेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर लातूर-उस्मानाबाद पट्ट्यात जुन्या घराच्या छताखाली झोपण्याची भीती कल्पनेतली राहिली नाही.