दहिसर नदी : काठांची धूप व पुनरुज्जीवन
मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील सु. १२ किमी. लांबीची नदी. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावून ती बोरिवली-दहिसरमधून मनोरी खाडीला मिळते. उद्यानाच्या हद्दीत तिचे पाणी बऱ्यापैकी निर्मळ असते. वस्ती लागताच सांडपाणी, गोठ्यांचे शेण आणि कचरा मिसळून तिचा नाला होतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला. त्या महापुरानंतर उपनगरांतील नद्यांचे रुंदीकरण आणि काठांवर संरक्षक भिंती बांधण्याला वेग आला. परंतु सरळ काँक्रीटच्या पात्रात प्रवाहाचा वेग वाढतो, भिंतीचा पाया खरवडला जातो आणि भिंत संपते तिथला मातीचा काठ अधिकच ढासळतो. पाणी जमिनीत मुरण्याची वाटही बंद होते. केवळ भिंतींवर विसंबणे म्हणूनच चुकीचे.

उद्यानासारख्या मोकळ्या जागेत दुसरा मार्ग शक्य असतो : काठाला मंद उतार देणे, पायथ्याशी मोठे दगड बसवणे, वर करंज, उंबर, जांभूळ यांसारखी माती धरून ठेवणारी देशी झाडे लावणे आणि पुराला पसरायला जागा सोडणे. काठावरची पायवाट पाण्यापासून दूर ठेवावी लागते, नाहीतर तुडवलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते.

‘रिव्हर मार्च’ या नागरिकांच्या चळवळीने दहिसर, पोईसर, ओशिवरा व मिठी या चारही नद्यांचा प्रश्न लावून धरला आहे. सांडपाणी अडवून त्यावर प्रक्रिया केल्याशिवाय काठांची कोणतीही डागडुजी अपुरीच ठरेल.