कॉमेट: टेस्टमध्ये पास झालेलं विमान आकाशात का फुटलं?

आजची गोष्ट जगातल्या पहिल्या प्रवासी जेट विमानाची. नाव कॉमेट, बनवणारी ब्रिटिश कंपनी डी हॅविलँड. 'खिडक्या चौकोनी होत्या म्हणून ही विमानं फुटली', हे वाक्य तुम्ही एखाद्या रीलमध्ये ऐकलं असेल. ते साफ खोटं नाही. पण खरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे, कारण हे विमान कसून तपासलेलं होतं.

2 मे 1952 ला कॉमेट प्रवासी घेऊन लंडनहून जोहान्सबर्गला निघालं. पंख्याच्या विमानांपेक्षा कितीतरी वेगवान, आणि त्यांच्यापेक्षा खूप उंचावरून, 40,000 फुटांपर्यंत उडणारं. तिथे हवा इतकी विरळ असते की माणूस श्वास घेऊ शकत नाही. म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरावी लागते. म्हणजे प्रत्येक उड्डाणात विमानाचं अंग फुग्यासारखं किंचित ताणलं जातं आणि उतरताना पुन्हा सैल होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बरोबर एक वर्षाने, 2 मे 1953 ला, कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून निघालेलं कॉमेट वादळात मोडून पडलं. 43 जण गेले. दोष वादळावर गेला, आणि बाकीची कॉमेट उडत राहिली.

10 जानेवारी 1954. रोमहून निघालेलं कॉमेट इटलीच्या एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळलं. 35 मृत्यू. उड्डाणं थांबवली, संशय होता तिथे बदल केले आणि 23 मार्चला सेवा पुन्हा सुरू झाली. नेमकं कारण मात्र सापडलेलंच नव्हतं. जेमतेम सोळा दिवसांनी, 8 एप्रिलला, नेपल्सजवळ आणखी एक कॉमेट गेलं. आणखी 21 माणसं.

आता मात्र सगळी कॉमेट जमिनीवर आली. तपास फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटकडे गेला, प्रमुख होते आर्नल्ड हॉल. नौदलाने एल्बाजवळच्या समुद्रतळातून अवशेष वर काढले. इकडे हॉल यांच्या टीमने एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवलं. पंख टाकीबाहेर, धड पाण्यात. आतही पाणी भरून दाब वाढवायचा, कमी करायचा, पुन्हा वाढवायचा. पाणी का? हवेने धड फुटलं असतं तर बॉम्बसारखं उडालं असतं. पाण्यात फक्त चीर पडते, आणि ती कुठून सुरू झाली हे बघता येतं.

टाकीतल्या विमानाची खरी उड्डाणं आणि ही नकली उड्डाणं मिळून बेरीज 3,000 च्या आसपास गेली, आणि जून 1954 मध्ये धड फाटलं. बांधकामावरची बाइंडिंग तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण तिथेच वीसदा वाकवली की कट्कन तुटते. धातूही थकतो. याला म्हणतात मेटल फटीग. एल्बाच्या विमानात चीर सुरू झाली होती ती छतावरच्या, रेडिओ अँटेनासाठी कापलेल्या चौकटीच्या कोपऱ्याजवळ, रिव्हेटच्या भोकापाशी. प्रवाशांच्या खिडकीपाशी नव्हे. कोपऱ्यात ताण एकवटतो, आणि तिथला ताण कंपनीच्या हिशोबापेक्षा बराच जास्त निघाला.

आता खरा प्रश्न. कंपनीने फटीगची टेस्ट केली नव्हती का? केली होती! धडाचा एक भाग 16,000 पेक्षा जास्त वेळा ताणून पाहिला होता. एल्बाचं विमान मात्र 1,290 उड्डाणांतच गेलं. एवढा फरक कसा?

गोम अशी. हाच भाग आधी दुसऱ्या टेस्टसाठी वापरला होता. तो किती दाब सोसतो हे बघायला त्याच्यावर नेहमीच्या जवळपास दुप्पट दाब दिला होता. त्या जबरदस्त ताणाने कोपऱ्यांतला धातू कायमचा थोडा ताणला गेला. दाब सोडल्यावर आजूबाजूच्या धातूने त्याला दाबून धरलं. त्यामुळे पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्यावर येणारा ताण कमी झाला आणि चीर पडायला उशीर लागला. थोडक्यात, कडक टेस्टनेच तो तुकडा मजबूत केला. प्रवासी घेऊन उडणाऱ्या विमानांना असा दुप्पट दाब कधीच दिला नव्हता. पास झालेला तुकडा आणि आकाशातलं विमान, दोन्ही एकाच डिझाइनचे, पण एकसारखे राहिलेच नव्हते.

यातून विमान उद्योग बरंच शिकला. आज ताकदीची टेस्ट एका ढाच्यावर होते आणि फटीगची दुसऱ्या, कोऱ्या ढाच्यावर. विमानाचं वय वर्षांत आणि तासांत मोजतातच, पण किती वेळा उडालं आणि उतरलं हेही मोजतात. चीर पडली तरी ती पसरू नये, अशी रचना आधीच केली जाते.

सुधारलेलं कॉमेट 4 ऑक्टोबर 1958 मध्ये अटलांटिकवर उडालं. त्याच महिन्यात बोइंग 707 ही आलं आणि बाजार घेऊन गेलं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी एखाद्या पुलाबद्दल किंवा गाडीबद्दल 'टेस्टेड आहे' म्हणालं, की एवढं नक्की विचारा: टेस्ट झालेली वस्तू आणि आपण वापरतो ती वस्तू, दोन्हींनी आयुष्यात तेच सोसलंय का?

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!